आयत्या बिळांतील सापसुरळी

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. मुंग्यांनीं खपून वारूळ उभारावें आणि नागानें त्यांत सुखानें येऊन राहावें, असा तिचा आशय. दुसऱ्याच्या श्रमांवर चैन करणाऱ्या मनुष्यास उद्देशून ती योजिली जाते व तिच्यांत निंदेचा सूर असतो. परंतु सृष्टींत आयत्या बिळावर जगणारे प्राणी पुष्कळ आहेत आणि त्यांत निंद्य असें कांहींच नाहीं. उलट, अशा प्राण्याचें जीवित किती परावलंबी व म्हणूनच किती नाजूक असतें, याचा विचार मात्र या म्हणींत आलेला नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत वीतभर लांबीचाही नसलेला एक प्राणी कोळ्यांनीं खणलेल्या बिळांत राहतो. माणसाच्या हिशेबीं तो तेहतीस वर्षें नाहींसा झालेला होता. आणि पुन्हा सांपडला तो एका मेलेल्या सापाच्या पोटांत. या प्राण्याचा इतिहास म्हणजे वस्तुतः एका बिळाचा इतिहास आहे.

हा प्राणी सापसुरळीच्या कुळांतला. शेताच्या बांधावर, पालापाचोळ्यांत किंवा घराच्या जोत्याशीं तुळतुळीत अंगाची सापसुरळी सर्रकन् पळून जातांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या कुळाचा परिचय आहेच. अंग सापासारखें, पण पाय चार. त्यामुळें पुष्कळ लोक तिला विषारी समजून भितात. वास्तविक हें सारें कुळ निर्विष आहे. ऑस्ट्रेलियांत या कुळाची फार भरभराट झाली असून तेथील एका शाखेस 'नीलजिव्ह' असें नांव पडलें आहे. शत्रु समोर येतांच तोंड वासून रुंद निळी जीभ बाहेर काढावयाची आणि त्याला दचकवावयाचें, ही या शाखेची युक्ति. तिच्यांतील मोठ्या जाती दीड-दीड फूट लांब होतात. प्रस्तुत प्राणी मात्र या सर्वांत लहान. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहा-सात इंच. म्हणून तिला 'खुजी नीलजिव्हा' म्हणतात. गंमत अशी कीं, नांवांत निळी जीभ असली तरी हिची जीभ गुलाबी असते.

शास्त्राच्या दप्तरांत या सापसुरळीची नोंद झाली ती १८६३ सालीं. बर्लिन येथील प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पेटर्स यांनीं ऑस्ट्रेलियांतून आलेल्या नमुन्यांवरून तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि ॲडलेड शहरावरून तिचें नामकरण केलें. शास्त्रांतील तिचें आजचें नांव 'टिलिक्वा ॲडलेडेन्सिस' असें आहे. पेटर्स यांच्यापुढें होतें तें तिचें निर्जीव शरीर. तिच्या अंगावरील खवले, दांत, पायांची लांबी यांचें वर्णन त्यांवरून करतां आलें. परंतु ती कोठें निजते, काय खाते, पिलें कोठें घालते, यांपैकीं कांहींही त्या शरीरावर लिहिलेलें नव्हतें. अज्ञानाची ही फट त्या वेळीं क्षुल्लक वाटली असेल. पुढें सव्वाशे वर्षें तीच मोठी होत गेली.

ज्या शहराचें नांव तिला मिळालें तें त्या वेळीं स्वतःच कोवळें होतें. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ सालीं स्थापन झाली. तत्पूर्वीं ॲडलेडच्या मैदानांत कौर्ना लोकांची आणि उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत नगाजुरी लोकांची वस्ती होती व त्या सबंध प्रदेशांत देशी गवताचीं विस्तीर्ण कुरणें पसरलेलीं होतीं. नव्या वसाहतवाल्यांस या कुरणांत दोन गोष्टी दिसल्या, मेंढरांचा चारा आणि गव्हाचें शेत. १८४३ सालीं जॉन रिडली यांनीं उभ्या पिकाचीं कणसें ओरबाडून घेणारें यंत्र चालवून दाखविलें, त्यामुळें थोड्या माणसांकरवीं मोठीं शेतें कापणें शक्य झालें. १८७६ सालीं स्मिथ बंधूंनीं जमिनींतील खुंट लागतांच त्यावरून उडी मारून पुढें जाणारा नांगर तयार केला. मग झाडांचीं मुळें पुरतीं न काढतांही जमीन नांगरतां येऊं लागली. एका पिढीच्या आंत दक्षिण ऑस्ट्रेलिया हें सबंध ऑस्ट्रेलियाचें धान्याचें कोठार बनलें.

या वेगास निसर्गानें एक मर्यादा घालून दिली होती व ती एका मनुष्यानें ओळखली होती. १८६४-६५ च्या भयंकर अवर्षणानंतर वसाहतीचे मुख्य भूमापक जॉर्ज गॉयडर यांना सरकारनें उत्तरेकडे धाडलें. घोड्यावर बसून त्यांनीं शेंकडों मैलांची पाहणी केली, झाडाझुडपांत होत जाणारा बदल न्याहाळला आणि १८६५ सालीं नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेस नांगर चालेल. उत्तरेस पाऊस इतका अनिश्चित कीं, तेथें मेंढरेंच पाळावीं, असा तिचा अर्थ. १८७२ सालीं कायद्यानें ही रेघ मान्य केली. परंतु दोन-तीन चांगलीं वर्षें येतांच लोकांस धीर धरवेना. जमीन नांगरली म्हणजे तिच्यामागून पाऊस येतो, अशी एक समजूत त्या काळीं प्रचलित होती. १८७४ सालीं निर्बंध उठला, शेतकरी रेघ ओलांडून पुढें गेले, आणि १८८० नंतरच्या अवर्षणांनीं त्यांपैकीं पुष्कळांस घरेंदारें सोडून मागें फिरावें लागलें. त्या ओसाड घरांच्या दगडी भिंती अजूनही त्या मुलुखांत उभ्या आहेत.

पण गॉयडर यांच्या रेघेच्या अलीकडे, जेथें पाऊस पुरेसा होता, तेथें नांगराचा जय झाला. मूळच्या कुरणांपैकीं अगदीं थोडा अंश शिल्लक राहिला. ॲडलेड शहरही मैदानावर चोहोंकडे पसरत गेलें. या साऱ्या उलाढालींत एखादी सहा इंची सापसुरळी नाहींशी होत आहे, हें कोणाच्या ध्यानीं येण्याचें कारण नव्हतें. संग्रहालयांतून तिचे जेमतेम वीस नमुने जमा झाले होते. त्यांतील शेवटचा १९५९ सालीं ॲडलेडच्या मॅरियन या उपनगरांतून मिळाला. त्यानंतर एकही नाहीं.

पुढें १९८० च्या सुमारास तिचा मुद्दाम शोध सुरू झाला. जुन्या नोंदी पाहण्यांत आल्या, संभाव्य ठिकाणें धुंडाळण्यांत आलीं. सापसुरळी सांपडली नाहीं. ती बहुधा कायमची गेली असावी, असें मत दृढ होत चाललें. येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सापसुरळ्या शोधावयाच्या म्हणजे दगड उलथावयाचे, ओंडके सरकवावयाचे, पाचोळा चाळावयाचा, ही सर्वमान्य रीत होती. तिच्या मोठ्या बहिणी अशाच ठिकाणीं सांपडतात, तेव्हां धाकटीही तेथेंच असणार, हें अनुमान स्वाभाविक होतें. परंतु तें अनुमान होतें, ज्ञान नव्हतें. योगायोगाची गोष्ट अशी कीं, बर्रा गांवाच्या पूर्वेकडील कोरड्या मुलुखांत फ्लिंडर्स विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल बुल हे १९८२ पासून याच शाखेंतील एका मोठ्या, सुस्त सापसुरळीचा अभ्यास करीत होते. धाकटी बहीण तेथून फार दूर नव्हती. पण जी जमिनीच्या वर फारशी येतच नाहीं, तिला जमिनीवर शोधून ती कशी सांपडावी?

१९९२ च्या ऑक्टोबर महिन्यांत ग्रॅहम आर्मस्ट्राँग व ज्युलियन रीड हे दोन निसर्गाभ्यासक बर्रा गांवाजवळच्या रस्त्यानें जात होते. हें गांव ॲडलेडच्या उत्तरेस सुमारें शंभर मैलांवर असून १८४५ ते १८७७ पर्यंत तेथील तांब्याची खाण जगप्रसिद्ध होती. रस्त्यावर गाडीखालीं चिरडून मेलेला एक तपकिरी साप त्यांना दिसला. सामान्य वाटसरूनें नाक मुरडून पुढें जावें असा तो प्रसंग. पण या सापानें काय खाल्लें आहे, हें पाहण्याची जिज्ञासा त्यांना झाली. त्यांनीं सापाचें पोट उघडलें. आंत एक मृत सापसुरळी होती. १९५९ नंतर कोणीही न पाहिलेली खुजी नीलजिव्हा तीच!

साप फार लांबचा प्रवास करीत नाहीं. तेव्हां जेथें तो मेला तेथेंच जवळपास त्यानें तिला गिळलें असणार. या तर्कानें आसपासच्या कुरणांत शोध सुरू झाला आणि लवकरच जिवंत सापसुरळ्या दिसल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयांतील मार्क हचिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं मग तिच्या राहणीचें वर्णन प्रथमच सिद्ध केलें, आणि इतकीं वर्षें ती कां सांपडली नाहीं याचा उलगडा झाला. ती राहत होती उघड्या कुरणांत, सरळ खालीं गेलेल्या एकेका अरुंद बिळांत. बिळाचें तोंड पैशाएवढें. खोली वीत-दीड वीत. हें बीळ तिनें खणलेलें नसतें. तिला खणतांच येत नाहीं. लांडगा-कोळी या नांवानें ओळखले जाणारे शिकारी कोळी आणि बिळाच्या तोंडावर झाकण बसविणारे कोळी हीं बिळें करतात. कोळी मेला किंवा निघून गेला म्हणजे त्या आयत्या घरांत ही बिऱ्हाड करते.

तिचा सारा दिनक्रम या बिळाभोंवतीं फिरतो. उन्हें वर आलीं कीं ती डोकें आणि अंगाचा पुढचा भाग बिळाबाहेर काढून ऊन खात बसते. जवळून नाकतोडा किंवा दुसरा किडा गेला तर झटकन् बाहेर येऊन त्याला पकडते आणि पुन्हा बिळांत शिरते. वरून पक्ष्याची सावली पडली तर क्षणांत खालीं जाते. अंडीं न घालतां ती जिवंत पिलांस जन्म देते. जानेवारी ते मार्च या तिकडील उन्हाळ्यांत एक ते चार पिलें त्याच बिळांत जन्मतात. थोड्याच आठवड्यांत त्यांना आईचें घर सोडून स्वतःसाठीं रिकामें बीळ शोधावें लागतें. वसंतांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, नर जोडीदारिणीच्या शोधार्थ बाहेर पडतात. बीळ सोडल्यावर यांना आसरा असा नसतोच. बर्रा येथील साप मेला तोही ऑक्टोबरांतच.

नांगरानें नेमकें काय केलें, हें यावरून स्पष्ट होतें. माणसानें या सापसुरळीची शिकार केली नाहीं, तिला विष घातलें नाहीं. तिच्या अस्तित्वाची त्याला धड जाणीवही नव्हती. त्यानें फक्त जमीन उलथली. वीत-दीड वीत खोल असलेलें कोळ्याचें बीळ नांगराच्या एका फेरींत मोडतें. कोळीही तेथून नाहींसे होतात आणि पुन्हा फारशीं बिळें होत नाहींत. घर बांधणारा गेला, तेव्हां भाडेकरूही गेला. म्हणून ही सापसुरळी आज जेथें सांपडते तीं ठिकाणें जवळजवळ सर्व कधींही न नांगरलेलीं कुरणें आहेत. बर्रा भागांतील डोंगरउतारांवर जमीन पातळ आणि खडकाळ; गव्हास ती निरुपयोगी म्हणून तेथें मेंढरें चरत राहिलीं. शेतकऱ्यांनीं जी जमीन नापीक म्हणून सोडून दिली, तिनेंच या प्राण्याचा वंश राखला.

पुढील संशोधनाचा भार मुख्यतः बुल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं उचलला. डॉक्टर लोक मनुष्याच्या जठराची तपासणी करण्यासाठीं वापरतात तसली, टोकास दिवा असलेली लवचीक नळी बिळांत सोडून त्यांनीं एकेक बीळ तपासलें, आणि बीळ न उकरतां आंतील रहिवाशाची गणना करण्याची रीत बसविली. मग प्रश्न आला तो असा, या सापसुरळ्यांची संख्या अन्नामुळें मर्यादित आहे कीं घरांमुळें? त्यांनीं लांकडी दांडे आंतून पोखरून बिळाच्या मापाच्या नळ्या तयार केल्या आणि त्या कुरणांत ठोकून बसविल्या. सापसुरळ्यांनीं त्या बिनदिक्कत स्वीकारल्या. जेथें नळ्या घातल्या तेथें त्यांची संख्या वाढली. कोळ्याच्या जागीं सुतार आला, तरी भाडेकरूची तक्रार नव्हती!

दुसरा प्रश्न मेंढरांचा होता. एखादा दुर्मिळ प्राणी सांपडला कीं ती जागा कुंपण घालून राखून ठेवावी, गुरांस मज्जाव करावा, ही रक्षणाची सर्वसाधारण कल्पना. येथें ती जशीच्या तशी लागू पडेना. चराई अगदीं बंद केली तर गवत माजतें. भूमध्य समुद्राकडून आलेल्या रानटी ओटासारखें परकें गवत दाटीनें वाढून बिळाचें तोंड झांकतें, ऊन पोंचत नाहीं, किडाही दिसत नाहीं. उलट चराई अति झाली तर खुरांखालीं बिळें बुजतात आणि किड्यांनाही आधार उरत नाहीं. दोहोंच्या मधली, बेताची चराई या प्राण्यास मानवते. म्हणजे त्याचें रक्षण मेंढपाळाला हांकलून होणार नसून मेंढपाळाच्या हातूनच होणार आहे.

आणि खरा कठीण प्रश्न येथेंच आहे. १९९२ नंतरच्या शोधांत कपुंडापासून उत्तरेकडे पीटरबरोपर्यंत तीसेक ठिकाणीं ही सापसुरळी आढळली. हीं बहुतेक ठिकाणें खाजगी मालकीचीं कुरणें आहेत. बर्राजवळ एक छोटें राखीव कुरण या प्राण्याच्याच शास्त्रीय नांवानें राखून ठेवण्यांत आलें आहे; पण बाकीच्या ठिकाणीं तिचें भवितव्य त्या त्या जमिनीच्या मालकाच्या समजुतदारपणावर अवलंबून आहे. एखाद्या वर्षीं गव्हाचा भाव चढला, एखाद्या वारसानें नवें यंत्र आणलें, एका सकाळीं एका उतारावर नांगर फिरला, तर शतकानुशतकांचें कुरण दुपारपर्यंत संपूं शकतें. तें पुन्हा तयार करण्याची विद्या अजून कोणास अवगत नाहीं. शिवाय हीं ठिकाणें एकमेकांपासून तुटलेलीं आहेत. मधल्या नांगरटींतून सहा इंची सापसुरळी चालत जाऊन दुसऱ्या कुरणाची भर घालूं शकत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानें आणि आंतरराष्ट्रीय सूचींतही तिची गणना संकटग्रस्त जातींत केलेली आहे.

त्यांत हवामान बदलूं लागल्याची नवी चिंता येऊन पडली. गॉयडर यांची रेघ दक्षिणेकडे सरकत आहे, अशी चर्चा त्या देशांत अलीकडे होत असते. ऊन वाढलें आणि पाऊस घटला तर आजचीं कुरणें या सापसुरळीस सोसणार नाहींत. आणि दक्षिणेकडे थंड मुलुखांत स्वतःच्या पायांनीं जाणें तिला शक्य नाहीं, कारण मध्यें सर्वत्र शेतें आहेत. म्हणून संशोधकांनीं २०२० सालीं कांहीं सापसुरळ्या उचलून दक्षिणेस टार्ली येथें, त्यांच्यासाठीं तयार केलेल्या बिळांत नेऊन ठेवल्या आणि तेथें त्या कशा तगतात याचें निरीक्षण सुरू केलें. मायकेल बुल तें पाहण्यास नव्हते. २०१६ सालीं त्यांचें निधन झालें होतें. त्यांच्या शिष्यांनीं व सहकाऱ्यांनीं काम पुढें चालविलें. पूर्वीं माणसानें नकळत तिचीं घरें मोडलीं. आतां तो समजून उमजून तीं घरें खांद्यावर घेऊन तिच्यासाठीं हिंडत आहे.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध सापसुरळीपुरता नाहीं. एखादी वस्तु नष्ट झाली असें म्हणण्यापूर्वीं ती कोठें राहते हें आपणांस ठाऊक होतें काय, असा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा लागतो. पेटर्स यांनीं तिचें शरीर पाहिलें, पण तिचें घर पाहिलें नाहीं. आणि घर ठाऊक नव्हतें म्हणून तिचा नाशही दिसला नाहीं व तिचें अस्तित्वही दिसलें नाहीं. शरीराची नोंद म्हणजे प्राण्याची ओळख नव्हे.

राहतां राहिली ती म्हण. बर्राच्या रस्त्यावर मेलेला तो तपकिरी साप कुळानें आपल्या नागाचाच भाऊबंद होय. आयत्या बिळांत राहणाऱ्या सापसुरळीस त्यानें गिळलें आणि मरतां मरतां तिचा ठावठिकाणा सांगितला. शास्त्रज्ञांच्या दहा वर्षांच्या शोधाला जें साधलें नाहीं, तें एका नागोबानें साधलें. मात्र तें त्याच्या पोटांत वाचण्यासाठीं रस्त्यावर क्षणभर थांबणारीं दोन माणसें हवीं होतीं. तीं तशीं थांबलीं नसतीं, तर बर्राच्या उतारांवर सापसुरळ्या तशाच ऊन खात बसल्या असत्या, आणि एखाद्या वर्षीं नांगर येऊन गेल्यावर, त्या कधीं होत्या आणि कधीं गेल्या, हें कोणालाही कळलें नसतें.